टॉवेलखालचं बदक

बदकमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कंपनीत कोणी उरलं नव्हतं. ओळखपत्रावर नाव होतं, पण ते वाचून खुद्द मामांनाही क्षणभर वाटायचं, हा कोण बुवा आपला फोटो लावून फिरतोय. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते.

कंपनी व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवायची. टीव्हीला जोडायचा काळा चौकोनी ठोकळा, ज्याला कंपनीत सगळे 'डबा' म्हणायचे. बाजारात याहून देखणे आणि याहून वेगवान डबे होते, तरी लोक हाच घ्यायचे, कारण छत्रीबदक फक्त याच डब्यावर खेळता यायचं. छत्रीबदक म्हणजे एक पिवळं, गोलमटोल बदक. ते पळतं, खड्ड्यांवरून उड्या मारतं, आणि खड्डा फारच रुंद असला तर हवेत छत्री उघडून पलीकडे तरंगत जातं. शेवटी झेंड्याला चोच लावली की लेव्हल संपली. बत्तीस वर्षांत या बदकाचे अकरा भाग निघाले होते. बर्फातलं बदक झालं, वाळवंटातलं झालं, चंद्रावरचं झालं. सातव्या भागात तर ते समुद्राच्या तळाशी चालत होतं आणि तिथेही छत्री उघडत होतं. पाण्यातल्या बदकाला खड्ड्यात पडायची भीती कशाला, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

मामा कंपनीत आले चोविसाव्या वर्षी, माल बांधायच्या खात्यात. काम असं की डबा खोक्यात भरायचा, वायरी गुंडाळून ठेवायच्या, वरून चिकटपट्टी मारायची. पण भरण्याआधी प्रत्येक डबा चालू करून बघावा लागे. त्याची रीत ठरलेली होती. डबा टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायची, बदकाची पहिली लेव्हल झेंड्यापर्यंत खेळायची, सगळी बटणं चालली की बंद करून खोक्यात. मग पुढचा डबा. दिवसाला ऐंशी-नव्वद डबे. तीन खड्डे, दोन पायऱ्या, एक घंटा, झेंडा, बंद. तीन खड्डे, दोन पायऱ्या, एक घंटा, झेंडा, बंद. दोन-तीन वर्षांत मामांच्या उजव्या अंगठ्याला ती लेव्हल इतकी पाठ झाली, की मामा इकडे शेजारच्याशी गप्पा हाणत असायचे आणि तिकडे बदक झेंड्याला टेकलेलं असायचं. झेंड्याच्या पुढे काय आहे ते बघायला वेळ नव्हता. पुढचा डबा वाट बघत असायचा.

एकदा दुपारी मामा तोंड धुऊन जागेवर आले. ओला टॉवेल वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तो सरळ समोरच्या टीव्हीवर टाकला आणि काम चालू ठेवलं. अख्खी काच झाकली गेली होती. तेवढ्यात मागे साहेब येऊन उभे राहिले. आताचे मोठे साहेब तेव्हा नुसतेच साहेब होते. मामांचं धाबं दणाणलं. हात मात्र थांबला नाही, कारण तो मामांच्या ताब्यात नव्हताच. टॉवेलच्या मागून घंटा वाजली, मग झेंड्याची पिपाणी वाजली. साहेब बघतच राहिले.

त्या दिवसांत दुसऱ्या भागाची तयारी चालली होती, आणि नवीन बदक लोकांना जुन्यासारखं वाटेल की नाही या काळजीने साहेबांना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी मामांना तसंच हाताला धरून वर नेलं, दुसरा भाग लावला (पहिली लेव्हल त्यात जुनीच ठेवली होती) आणि टीव्हीवर टॉवेल टाकला. बदक झेंड्याला टेकलं. "तेच बदक!" साहेब ओरडले. दुसरा भाग धो धो खपला. का खपला याची इतर दहा कारणं कोणीही सांगितली असती, पण साहेबांनी कोणाला विचारलं नाही. त्यांच्या मते तो टॉवेलमुळे खपला होता.

तेव्हापासून टॉवेल चाचणी सुरू झाली. नवीन भाग तयार झाला की बाजारात जाण्याआधी मामांनी तो टॉवेल टाकून खेळायचा. बदक झेंड्यापर्यंत पोचलं तर कागदावर शिक्का पडायचा, नाही पोचलं तर खेळ दुरुस्तीला परत. मामांना तिसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची का होईना, स्वतःची खोली मिळाली. जुना टॉवेल विरल्यावर कंपनीची मुद्रा छापलेला नवा टॉवेल आला, आणि तो कुलपात राहू लागला. चाचणीच्या वेळी खोकायचं नाही असा नियम झाला. आता टॉवेलखाली खेळायचं म्हणजे पहिली लेव्हल प्रत्येक भागात तीच हवी, तेच तीन खड्डे आणि त्याच दोन पायऱ्या. त्यामुळे मागचा देखावा तेवढा बदलायचा. इतक्या शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या कंपनीत, इतक्या यंत्रांच्या गराड्यात, बदक बरोबर आहे की नाही हे आंघोळीनंतर अंग पुसायच्या कापडावर ठरत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पाचव्या भागाच्या वेळी मामा पहिल्यांदा पडले, तेही तिसऱ्या खड्ड्यात. तो खड्डा रुंद होता. तिथे बटण दाबून उडी मारायची, सोडायचं आणि लगेच पुन्हा दाबून छत्री उघडायची. दाब, सोड, दाब. यातलं दुसरं 'दाब' जरा उशिरा पडलं आणि बदक चपाक करून खाली गेलं. साहेब म्हणाले, "बदक बिघडलंय." प्रोग्रामरांनी माना हलवल्या, खेळ परत नेला आणि बदक हवेत एक कणभर जास्त थांबेल असं केलं. दुसऱ्या खेपेला मामा सुखरूप पलीकडे पोचले. "आता बघा, आता तेच बदक," साहेब म्हणाले.

त्या आठवड्यात मामांच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला होता. डॉक्टरांनी सांध्याची झीज सांगितली, मलम दिलं आणि विश्रांती घ्या म्हणाले. मामांनी मलम घेतलं. ऑफिसात त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? बदक तर दुरुस्त झालंच होतं.

पुढच्या भागातही बदक बिघडलं. त्याच्या पुढच्याही. दर वेळी नवे प्रोग्रामर, दर वेळी कणभर दुरुस्ती. कोणी पहिल्या भागाशी ताडून बघितलं नाही, कारण ताडून बघायचं काम मामांचं होतं.

इकडे खप उतरत गेला. आठव्या भागापर्यंत पोरांनी दुसऱ्या कंपन्यांचे डबे घ्यायला सुरुवात केली होती. बदक नको तर डबा कोण घेणार? मोठ्या साहेबांनी बैठका घेतल्या. जाहिरात खात्याने रिपोर्ट केला की छत्रीचा रंग जुना वाटतो. नवव्या भागात छत्री निळी झाली, दहाव्यात पट्ट्यापट्ट्यांची, अकराव्यात अंधारात चमकणारी. अकराव्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'तेच बदक, तीच मजा'. ती वाचून ज्यांचे केस पांढरे झाले होते त्यांनी खेळ घेतला, कौतुकाने कपाटात ठेवला आणि खोकं उघडलंसुद्धा नाही.

मामांच्या घरी तरी खोकी उघडली जात. नात नऊ वर्षांची होती, शेजारच्याच रस्त्यावर राहायची आणि रविवारी जेवायला यायची. अकरावा भाग मामांनी तिला मोठ्या रुबाबात लावून दिला. नातीने ताट मांडीवर घेतलं, बटण दाबलं, बदक उडालं. तिने एक घास खाल्ला. बदक अजून वरच होतं. तिने पाणी प्यायलं.

"आजोबा, हे खाली कधी येणार?"

"येईल गं. घाई कसली?"

"म्हणजे याला दम लागतो का? म्हातारं आहे का हे?"

मामांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मामा म्हणाले, आजकालच्या मुलांना धीरच नाही. पण मनातून ते दुखावले. त्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी दुपारची डुलकी घेतली नाही.

बारावा भाग करायला कंपनीने बाहेरून एक बाई आणली. पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं तोंडावर. सगळे तिला 'नवी बाई' म्हणत आणि दोन वर्षं झाली तरी नवीच म्हणत, कारण कंपनीत जुनं व्हायला किमान पंधरा वर्षं लागत. नव्या डब्याबरोबर नवं बदक बाजारात आणायचं होतं आणि तारीख ठरली होती. तिच्या हाताखाली तीस जण होते. पहिली लेव्हल सोडून बाकी सगळा खेळ त्यांनी मुळापासून नवा रचला, असं कानावर यायचं. मोठे साहेब म्हणत, करा काय करायचं ते, टॉवेलला काय वाटतं ते बघू.

चाचणी शुक्रवारी होती. सोमवारी दुपारी नवी बाई मामांच्या खोलीत आली. खांद्याला कापडी पिशवी होती. तिने पिशवीतून एक डबा काढला आणि मामा उठून उभेच राहिले. पहिला, अगदी पहिला डबा. पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला टवका उडालेला.

"माझ्या घरचा आहे, मामा. मी आणि माझा भाऊ यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायचो."

"अहो, हा माझ्याच हाताखालून गेला असेल! तपासून भरलेला."

"म्हणूनच आणला. खेळता का जरा?"

मामा खुशीत बसले. पहिला भाग, पहिली लेव्हल. टॉवेलसुद्धा नव्हता. पहिला खड्डा पार झाला, दुसरा पार झाला, तिसऱ्यात चपाक. मामा हसले. पुन्हा खेळले. चपाक. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

"कॅसेट खराब झालीय," मामा म्हणाले. "इतकी वर्षं झाली, होणारच."

नवी बाई पुढे सरकली. तिने कंट्रोलर घेतला आणि त्याच कॅसेटवर बदक झेंड्याला नेऊन टेकवलं. मग कोपऱ्यातला दुसरा टीव्ही ओढून तिने शेजारी ठेवला आणि त्यावर अकरावा भाग लावला. दोन्ही बदकं तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर उभी केली. दोन कंट्रोलर मांडीवर घेतले, दोन्ही अंगठे एकदम दाबले. दोन्ही बदकं उडाली. जुन्या बदकाने छत्री उघडली, खड्डा ओलांडला, पाय टेकले आणि शेपटी झटकली. अकराव्या भागातलं बदक अजून हवेत होतं. दोरीवरचं धुणं लोंबावं तसं लोंबत होतं, त्याची छत्री अंधारात चमकत होती.

मामा दोन्ही टीव्हींच्या मध्ये वाकले.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्रामरांनी. कणाकणाने, पाचव्या भागापासून. मी जुने कागद काढून बघितले. दर वेळी एकच शेरा आहे, मामा पडले, बदक दुरुस्त केलं." तिने दोन्ही कंट्रोलर खाली ठेवले. "मामा, मी बाराव्या भागात बदक परत त्याच्या मूळ वेगावर नेलंय. पोरांना हे लोंबतं बदक नकोय. शुक्रवारी तुम्ही यातून जाल का हे बघायचं होतं."

"आणि नाही गेलो तर?"

"तर बदक बिघडलं. खेळ दुरुस्तीला, तारीख हुकली, माझी तीस माणसं घरी. नवीन डबा अकराव्या बदकावर विकायचा. तो काही विकला जाणार नाही, हे तुम्हालाही कळतं."

"मी काय करू म्हणता?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज बदलला. "खरं सांगायचं तर मला तुमचा फार राग आलाय. लहानपणी या बदकासाठी मी जीव टाकायची. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला म्हातारं केलंत."

जुना डबा तिने मामांकडेच ठेवला आणि ती गेली.

मामांनी तो डबा पिशवीत घालून घरी नेला. सोमवार, मंगळवार, बुधवार, ऑफिसातून आल्यावर ते टीव्हीसमोर बसून दाब, सोड, दाब करत राहिले. निवृत्तीला दीड वर्ष होतं. दीड वर्ष तेवढं निभावलं की सत्कार, हार, भाषणं. आता अंगठ्याचा बोभाटा झाला तर काय राहणार होतं? टॉवेल नसेल तर बदकमामा म्हणजे कोण, खोकी बांधणारा एक माणूस. ते मलम चोळत, फडकं गुंडाळत, पुन्हा बसत. बदक पुन्हा खड्ड्यात जाई.

बुधवारी संध्याकाळी बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली. ती घरी शिवणकाम करायची, लोकांचे जुने कपडे उसवून मापाला बसवून द्यायची. तिच्या मांडीवर कोणाचा तरी कोट होता.

"अहो, किती वेळ चाललंय हे? हात बघा कसा सुजलाय."

"बदक बदललंय गं. पूर्वी असं नव्हतं."

"हे तर जुनंच बदक ना? तुम्हीच म्हणालात."

मामांनी पुन्हा बटण दाबलं.

"दहा वर्षं झाली, घरातली प्रत्येक बरणी मी उघडतेय," ती म्हणाली. "पाण्याची बाटली मी उघडतेय. तुम्ही म्हणता, झाकणं घट्ट करायला लागलेत कारखान्यात. मी काही बोलले नाही. म्हटलं, माणसाला वाटतं तर वाटू द्यावं. आता बरण्याही बदलल्या का सगळ्या?"

मामा चिडले. तुला काय कळतंय, म्हणाले. तुझं काय जातंय, म्हणाले. मग कंट्रोलर बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पहिल्याच वेळी, पाचव्या भागाच्या वेळी, त्यांना कळलं होतं. अंगठा उशिरा पडला हे दुसऱ्या कोणाला नाही पण त्यांना तर कळलंच होतं. साहेब म्हणाले बदक बिघडलंय, आणि मामांनी मान हलवली. त्या एका मान हलवण्याची त्यांना आता लाज वाटत होती.

"कोट उसवता येतो," बायको सुई ओवत म्हणाली, "पण दर वेळी माणसाच्या पोटाच्या मापाने कोट वाढवत गेलं की शेवटी त्या कोटाला कोट म्हणत नाहीत हो."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मोठ्या सभागृहात सगळे जमले. लिपिकाने कुलूप उघडून टॉवेल आणला, दोन्ही हातांवर धरून, आणि टीव्हीवर पसरला. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. नवी बाई मागे भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या तीस माणसांचे चेहरे उतरलेले होते. मामांनी कंट्रोलर हातात घेतला. खोकला आलेल्या एका साहेबांनी रुमाल तोंडात कोंबला.

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. दाब, सोड...

चपाक.

"बिघडलंय," मोठे साहेब लगेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. "मी म्हणतच होतो. फार नवं नवं करायला गेलात. परत न्या."

लिपिकाने शिक्का डबीत परत ठेवला. खुर्च्या सरकल्या. नव्या बाईने डोळे मिटले. आता फक्त गप्प बसायचं होतं. इतक्या वर्षांत मामांनी चाचणीच्या वेळी एवढंच तर केलं होतं.

"साहेब, बदक बरोबर आहे," मामा म्हणाले.

"काय?"

"बदक बरोबर आहे. अंगठा गेलाय."

साहेब हसले. मग सगळे हसले, कारण साहेब हसले. "मामा, तुम्ही म्हणजे अगदी... नव्या बाईला सांभाळून घेताय होय? मोठं मन आहे तुमचं. पण तुमचा अंगठा चुकत नाही, हे अख्खं जग जाणतं."

मामांनी आजूबाजूला बघितलं. साहेबांच्या समोर टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली होती. मामा उठले, त्यांनी ती उचलली आणि सगळ्यांसमोर झाकण फिरवायला लागले. अंगठा आणि बोट झाकणावर घसरलं. त्यांनी पुन्हा पकडलं. हात मनगटापर्यंत लाल झाला. झाकण हललं नाही. कोणी हसत नव्हतं. मामांनी बाटली पँटला पुसली आणि पुन्हा प्रयत्न केला. ते बघवत नव्हतं, म्हणून लोक पायाकडे बघायला लागले. शेवटी त्यांनी बाटली साहेबांसमोर, होती तिथे, ठेवली.

"पाचव्या भागापासून असं आहे, साहेब. मला ठाऊक होतं. मी पडलो, तुम्ही म्हणालात बदक बिघडलं, मी हो म्हटलं. या पोरांनी बिचाऱ्यांनी माझ्या अंगठ्याला सोसेल असं बदक करून दिलं, दर वेळी. माझी नात म्हणते, बदक म्हातारं आहे. बदक नाही हो म्हातारं. तुम्ही बदक नाही तपासत, मला तपासताय."

मोठे साहेब बाटलीकडे बघत होते. मग त्यांनी ती उचलली आणि, कशासाठी कोण जाणे, स्वतः उघडायला गेले. त्यांच्यानेही ती उघडेना. ती त्यांनी शेजारच्या तरुण साहेबांकडे सरकवली, आणि त्यांनी ती पटकन टेबलाखाली लपवली.

इथे मोठ्या साहेबांचे डोळे उघडले असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण साहेबांनी विचार करून असं ठरवलं, की चाचणीत दोष नाही, फक्त अंगठा बदलायला हवा. नवीन अंगठा शोधण्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. समितीचा अहवाल यायला सहा महिने लागणार होते आणि बाजारातली तारीख तर तीन आठवड्यांवर होती. म्हणून बाराव्या भागाच्या कागदावर टॉवेलच्या चौकटीत लिपिकाने 'या खेपेस लागू नाही' असं लिहिलं, आणि केवळ समितीच्या कृपेने छत्रीबदक मोकळं सुटलं.

मामांना महिन्याभरात लवकर निवृत्ती मिळाली. निरोपाला भाषणं झाली, पण अंगठ्याचा विषय कोणी काढला नाही. भेट म्हणून काचेच्या चौकटीत बसवलेला तो मुद्रेचा टॉवेल दिला. नवी बाई सगळ्यात शेवटी भेटायला आली. तिने हात पुढे केला आणि मामांचा हात अगदी हळू, जपून धरला. "माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "पण थँक्यू, मामा." घरी बायकोने चौकट उलटी करून मागचे खिळे काढले, टॉवेल बाहेर घेतला, कापड बघितलं आणि म्हणाली, चांगलं जाड आहे, भांडी पुसायला होईल.

त्या रविवारी नात जेवायला आली, ती बारावा भाग घेऊनच. तो तिने स्वतः मागून घेतला होता. ताट वाढून ठेवलं, ते तसंच राहिलं. बायकोने दोनदा हाक मारली. नात टीव्हीच्या इतक्या जवळ बसली होती की तिला मागे ओढावं लागलं. तिसऱ्या खड्ड्यात ती पडली. पुन्हा पडली. "शी!" म्हणून तिने पाय आपटला आणि पुन्हा सुरू केलं. मामा मागे खुर्चीत बसून बघत होते. त्या खड्ड्यात दुसरं कोणी पडताना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"उडालीस की बटण सोड, आणि लगेच..."

"आजोबा, मध्ये बोलू नका."

मामा मागे टेकले. दाब, सोड, दाब. छत्री उघडली, बदक पलीकडे उतरलं, शेपटी झटकली. दोन पायऱ्या, घंटा, झेंडा, पिपाणी. मामांचा हात आपोआप पुढे गेला, बंद करायला. पण नातीने काही बंद केलं नाही. पडदा सरकला आणि दुसरी लेव्हल आली. उंच कडा होता, सोसाट्याचा वारा होता. बदकाने दोन पावलं टाकली आणि वाऱ्याने छत्री त्याच्या पंखातून हिसकावून उडवून नेली. बदक रिकाम्या पंखांनी कड्यावर उभं राहिलं.

"आता काय करायचं, आजोबा?"

"मला नाही माहीत."

"तुम्ही तिथेच होतात ना? एवढी वर्षं?"

"होतो," मामा म्हणाले. "पण हे मी कधी बघितलेलं नाही." आणि चष्मा शोधून डोळ्यांवर चढवून ते खाली, तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.